मातीचं विरजण

ज्या वर्षी लेकीचं लग्न झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. पाहुणे पांगले, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या आणि एवढ्या मोठ्या घरात तीनच माणसं उरली. थोरले, त्यांची बायको आणि थोरल्यांचा धाकटा भाऊ. बायकोला सगळा गाव वहिनीच म्हणायचा. धाकटा लहानपणी दिवसभर तिला तशी हाक मारत फिरायचा, ती हाक गावानं उचलली ती उचललीच. आणि धाकट्याला गाव शिडी म्हणायचा. तो एवढा उंच होता की आपल्याच घराच्या दारातून जाताना त्याला मान तुकवावी लागे, आणि निम्म्या वेळा तो ते विसरे.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा शिडी सहा वर्षांचं पोर होतं, आई नसलेलं. दिराला अहोजाहो करायचं एवढं तिला माहेरून पक्कं सांगून धाडलेलं. त्यामुळे ती त्या एवढ्याशा पोराला म्हणे, "अहो भाऊजी, नाक पुसा." "अहो भाऊजी, चड्डी वर ओढा." ऐकणारे पोट धरून हसत. पुढे पोर ताडासारखं वाढलं तरी अहो सुटलं नाही आणि नाक पुसायला लावणंही सुटलं नाही. तिला स्वतःला एकच लेक. मुलगा झाला नाही म्हणून कुणी हळहळलं तर ती म्हणायची, झालाय की, आयता सहा वर्षांचा झाला.

आता लेक गेल्यावर घर खायला उठायचं. आणि त्यातच खालच्या शेताचं निघालं.

खालचं शेत म्हणजे ओढ्याकाठची चिकण मातीची पट्टी. एके काळी तिथे गाजरं आणि बटाटे असे निघत की उपसताना पाठ मोडे. मग वर्षानुवर्षं खोल नांगरून आणि पोत्यांनी खत ओतून त्या जमिनीचा पार जीव गेला. गाजरं करंगळीएवढी, दुफाट्याची. पलीकडच्या काठावर विटांची भट्टी होती आणि भट्टीवाल्याचा त्या चिकण मातीवर डोळा होता. थोरले कंटाळले होते. त्यांनी एकदा जेवताना सरळ सांगून टाकलं, की यंदा शेवटचं. यंदा खालचं शेत पिकलं नाही तर भट्टीवाल्याला देऊन मोकळं व्हायचं.

ते शेत शिडीच कसत होता. दुसऱ्या दिवशी वहिनी भांडी घासत असताना तो शेजारी येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, बंदरावर माल चढवायला माणसं घेतायत, त्याच्या ओळखीचा एक जण मुकादम आहे. शेत गेलं तर तो तिकडे जाणार. बंदर म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. तिकडे गेलेली माणसं पहिल्या वर्षी महिन्याला फोन करतात, दुसऱ्या वर्षी सणासुदीला आणि तिसऱ्या वर्षी करत नाहीत, हे वहिनीनं शेजारच्या घरी पाहिलं होतं.

"मग पिकवा की," ती म्हणाली. "बंदराचं काय सांगताय मला?"

"माती मेलीय वहिनी. मेलेल्याला काय पिकवू?"

हातातलं पातेलं तिनं घासून लख्ख केलं.

मातीवाल्या बाईंना शिडीनंच आणलं. तालुक्याच्या माती तपासणी केंद्रात त्या कामाला होत्या. मध्यम वयाच्या, पायात रबरी बूट, बोलणं सरळ. त्यांनी शेतात गुडघे टेकून खुरप्यानं चार ठिकाणी माती काढली, एक रोपटं मुळासकट उपटलं आणि भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलं. मग ओट्यावर बसून सगळं समजावून सांगितलं. मातीत एक बुरशी असते, केसाहून बारीक धाग्यांची. ती मुळाच्या आत शिरते आणि बाहेर लांबवर पसरते. मुळाचा हात पोचत नाही तिथून पाणी आणि पोषण ओढून आणते, आणि बदल्यात झाड तिला साखर देतं. मुळा, बीट, मोहरी ह्यांना ती शिवत नाही, पण गाजराशी आणि बटाट्याशी तिचं चांगलं जमतं. तुमच्या जमिनीतली ती संपली आहे. ती परत घालायची.

वहिनीचा चेहरा पडला. बुरशी हा शब्दच तिला सोसवेना. भिंतीवरची, डब्यातली, ट्रंकेतल्या कपड्यांवरची बुरशी खरवडण्यात तिचा जन्म गेला होता, आणि ही बाई ती पैदा करायला सांगत होती.

बाईंनी पिशवीतून एक पुडकं काढलं. राखाडी वाळूसारखं काहीतरी. म्हणाल्या, एवढ्यात यंदाचं भागेल. पण दर वर्षी माझ्याकडे यायला नको. ह्यातलं थोडं कुंड्यांत वाळूमातीत घाला, वर मका लावा. मक्याच्या मुळांवर ती वाढेल. मका मोठा झाला की पाणी तोडा, वरचं कापून टाका, आतली मुळं आणि माती तशीच वाळवून थंड जागी ठेवा. पुढच्या वर्षी तेच बियाण्याखाली घाला. त्यातलं थोडं ठेवून परत कुंड्या करा.

आणि वहिनीचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे विरजण," ती म्हणाली. "थोडं जुनं राखायचं, त्यावर नवं लावायचं. विरजणच की हे."

बाई हसल्या. इतक्या गावांत इतकं समजावून सांगून त्यांचा घसा बसला होता, आणि इथे एका शब्दात काम झालं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "अगदी तसंच."

त्या दिवसापासून त्या घरात बुरशी हा शब्द कुणी काढला नाही. ते विरजण झालं, आणि विरजण म्हटल्यावर ते वहिनीच्या ताब्यात गेलं. दही लावण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिच्या सासूचं विरजण तिनं सासू गेल्यावरही मोडू दिलं नव्हतं. थंडीत भांडं गोधडीत गुंडाळून चुलीमागे ठेवायचं, वारा लागू द्यायचा नाही, हलवायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. हे तिच्या हातांना माहीत होतं, तिला वेगळं आठवावं लागत नव्हतं.

पेरणीला शिडीनं ओळी काढल्या आणि वहिनीनं प्रत्येक ओळीत चिमटीचिमटीनं ती राखाडी भुकटी सोडली, उरलेली कुंड्यांत घालून वर मका लावला. थोरले बांधावर उभे राहून म्हणाले, स्वयंपाकघर शेतात आलं वाटतं. पण त्यांनीही मग एक ओळ धरली.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. आजूबाजूची शेतं दुपारी माना टाकत. खालचं शेत मात्र उभं होतं. पाला गर्द हिरवा, ताठ, आणि इतका दाट की त्यात उंदीर शिरला तरी कळू नये. बघून आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण शेजारचा म्हातारा बांधावर येऊन थबकला आणि म्हणाला, "काय पुरलंय रे खाली?" शिडी हसला. वहिनीला हसू आलं नाही. तिनं एकदा एक गाजर वेळेआधी उपटून पाहिलं तर ते सहज सुटेना. सुटलं तेव्हा मातीचा गोळाच्या गोळा सोबत आला, आणि बोटांनी फोडला तर आत पांढुरकं जाळं, कोळिष्टकासारखं, मातीच्या कणाकणाला धरून बसलेलं. तिनं गाजर परत खळग्यात ठेवून वरून माती लोटली. झाकून ठेवलेलं उघडून बघायचं नसतं, एवढंच तिच्या मनात आलं.

काढणीला तिघं पुरले नाहीत, दोन गडी लावावे लागले. गाजरं मनगटाएवढी, सरळसोट. बटाटे एकेका रोपाखाली टोपलीभर. थोरले सहसा कशाला चांगलं म्हणत नसत. ते बटाटा हातात घेऊन त्याच्याकडे नुसतेच बघत राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी भट्टीवाल्याला निरोप धाडला, की यंदा नाही. पण नाही म्हणताना दार पुरतं लावलं नाही. घरात म्हणाले, एका वर्षानं काही ठरत नाही. पुढच्या वर्षीही असंच आलं तर भट्टीवाल्याला कायमचं तोडून टाकीन आणि हे शेत शिड्याच्या नावावर करीन.

शिडीनं वहिनीकडे बघितलं. पुढच्या वर्षीचं सगळं त्या कुंड्यांवर होतं. पुडकं संपलं होतं, आणि केंद्रातल्या बाईंना तसं दुसरं लगेच मिळेलच असं नव्हतं.

"बंदराला कळवलं का?" वहिनीनं विचारलं.

"काय?"

"येत नाही म्हणून."

"तुझं विरजण जगलं तर कळवतो," तो म्हणाला आणि हसत निघून गेला. दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं, नेहमीसारखं.

गाव उंच डोंगरात, हाडं गोठवणाऱ्या थंडीचं, म्हणून घराच्या मागे, उतारात खणलेलं तळघर होतं. सहा पायऱ्या खाली, दगडी भिंती, वर मातीचं छप्पर. सासऱ्यांनी खणलेलं. हवा खेळायला त्याला दोन वाटा होत्या. एक दाराच्या तळाशी, जाळीची. दुसरी मागच्या भिंतीत वर, एक भाजक्या मातीचं नळकांडं, ते बाहेर सरपणाच्या ढिगामागे निघायचं. कडक थंडी पडली की थोरले खालच्या जाळीला पेंढा आणि पोती लावत, म्हणजे बटाटे गारठत नसत. दर वर्षीचं काम ते. वरचं नळकांडं उघडं असायचं म्हणून चालून जायचं. पण तळघराचं काम पुरुषांचं, वहिनीला त्यातलं कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

एरवी तळघर निम्मंही भरत नसे. त्या वर्षी ते छताला लागलं. वाळूचे थर देऊन गाजरं, फळ्यांमागे बटाटे, मधल्या वाटेतही पोती, एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच फट. उपटलेला कंद मेलेला नसतो. अंधारात पडल्या पडल्या तो श्वास घेत राहतो, माणसासारखाच, आणि माणसासारखीच हवा खराब करतो. एवढी सगळी तोंडं एका बंद खोलीत श्वास घेतायत, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

कुंड्या वाळल्या, मका कापून झाला. त्या कुठे ठेवायच्या ते वहिनीनं ठरवलं. तळघराच्या अगदी आत, मागच्या भिंतीशी, जमिनीवर. तिथे ऊब असते. शिडीनं एकेक कुंडी तिथवर सरकवत नेली, वहिनीनं वर जुनं पांघरूण घातलं आणि कडा खोचून घेतल्या.

"आता अंगाई म्हण," शिडी म्हणाला.

"म्हणीन. तुम्हाला म्हटलीच होती की. तुम्ही झोपायचा नाहीत, हे तरी झोपेल."

पांघरूण घालताना तिच्या कपाळाला वरून गार वारा लागला. तिनं मान वर करून पाहिलं. नळकांडं. थेट तिच्या विरजणावर थंडी सोडत होतं. ती वर आली, सरपणाच्या ढिगामागे गेली, आणि एक फाटकी गोधडी गुंडाळी करून त्या नळकांड्यात काठीनं ठासून बसवली. कुणाला सांगितलं नाही. दह्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं हे कुणी घरभर सांगत फिरतं का?

मग थंडी आली. थोरल्यांनी दर वर्षीप्रमाणे खालची जाळी बुजवली.

पहिल्या महिन्यात वहिनी अधूनमधून खाली जाई. वर आली की तिचं डोकं ठणके, आणि सहा पायऱ्या चढून अशी धाप लागे की ओट्यावर बसावं लागे. थोरले म्हणाले, वय झालं. तीही तेच म्हणाली. मांजर पूर्वी बटाट्यांमागे उंदीर धरायला दिवसभर तळघरात असे. ते आता दार उघडलं तरी पहिल्या पायरीवर बसे आणि खाली बघत राही. एकदा थोरले पोतं आणायला उतरले आणि तिथेच विडी पेटवायला गेले. काडी पेटली आणि लगेच मान टाकून विझली. दुसरी, तिसरी तशीच. "दमट झालीय पेटी," असं म्हणून त्यांनी ती वर येऊन ओट्यावर उन्हात ठेवली. उन्हात नुसती ठेवताच पहिल्याच काडीला विडी पेटली, पण त्यावर कुणी विचार केला नाही. विचार करण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही.

नंतर थंडीचा असा कडाका पडला की पाण्याचे नळ गोठले. दार पोत्यांनी बंद करून ठेवलं, आणि बरेच दिवस खाली कुणी गेलंच नाही. आत, मागच्या कोपऱ्यात, दाबाखाली चेंगरलेले बटाटे सडायला लागले होते. पाणी सुटलं, गरमी धरली. बाहेर कुणाला वास आला नाही, कारण वास बाहेर यायला वाट नव्हती.

फेब्रुवारीत ऊन पडलं आणि मातीवाल्या बाई आल्या. विरजण कसं आहे बघू म्हणाल्या. त्यांनीही आता तोच शब्द धरला होता. सगळे खुशीत होते. वहिनीनं भात टाकला होता, जेवूनच जा म्हणाली. बाईंनी एक कुंडी बघायला मागितली, आणि शिडी उठला.

"थांबा, मी येते," वहिनी म्हणाली. "तुम्ही पांघरूण ओढाल आणि सगळं सांडाल."

"तू भात बघ," शिडी म्हणाला. "करपला तर बाई केंद्रात जाऊन सांगतील."

तो गेला. दाराची पोती ओढल्याचा आवाज आला. मग पायऱ्यांवर त्याची पावलं. मग काही नाही.

बाई आणि थोरले ओट्यावर बोलत होते. वहिनीनं भात उतरवला, ताटं मांडली. मग ती मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो भाऊजी," तिनं हाक दिली. "जन्माला घालताय का कुंडी?"

आतून उत्तर आलं नाही. थोरले चालत आले, हसत, की शिड्यानं परत डोकं आपटून घेतलं असणार. ते पहिल्या पायरीवर उतरले, दुसऱ्या पायरीवर उतरले आणि त्यांना खाली शिडीचे पाय दिसले. पोत्यांच्या फटीत तो आडवा पडला होता, तोंड मातीकडे. थोरले ओरडून खाली झेपावणार तेवढ्यात बाईंनी मागून त्यांचा सदरा धरला.

"उतरू नका," बाई म्हणाल्या. "हवा नाहीये खाली. वहिनी, धरा ह्यांना. धरा."

वहिनीला काही समजलं नव्हतं. पण बाईंच्या आवाजात असं काही होतं की तिनं नवऱ्याच्या कमरेला मिठी मारली आणि पाय रोवले. थोरले तिला ओढत होते, शिव्या देत होते, लहान भावाचं नाव घेऊन हाका मारत होते. खाली तिनं नाक पुसलेलं, अंगाई म्हटलेलं पोर पडलं होतं, आणि ती त्याच्याकडे जाणाऱ्या एकमेव माणसाला अडवून उभी होती.

"वरची नळी कुठे निघते?" बाई विचारत होत्या. "ती उघडी आहे ना? कुणी सांगेल का मला?"

"उघडी आहे," थोरले ओरडले. "ती कधी बंद करत नाही आम्ही."

तेव्हा वहिनीला समजलं. तिनं नवऱ्याला बाईंच्या हवाली केलं आणि ती सरपणामागे धावली. गोधडी आत फुगून घट्ट बसली होती. तिनं ती नखांनी ओढली, दातांनी ओढली. निघाली तेव्हा मागोमाग गोडसर कुजका वास आला आणि तिला भोवळ आली, पण ती पडली नाही. बाईंनी तोवर दार आणि जाळी मोकळी केली होती आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या होत्या. कुणीतरी दोर आणला, लांब आकडा आणला. बाई कुणाला उतरू देईनात. वरूनच, त्याच्या कमरेच्या पट्ट्यात आकडा अडकवून, चौघांनी त्याला ओढून काढला. उन्हात ठेवला. बाईंनी त्याची छाती दाबली, बराच वेळ दाबली, डॉक्टर येईपर्यंत दाबली. डॉक्टरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या थांबल्या.

हातात कुंडी नव्हती. तो तिथवर पोचलाच नव्हता.

ह्याच्यात कुणी कुणाला बोल लावला नाही. थोरल्यांनी गोधडी पाहिली आणि ती चुलीत घातली. त्यांनी स्वतः जाळी बुजवली होती. बाई पुढेही येत राहिल्या. एकदा वहिनीनं त्यांना विचारलं, झाकल्या नसत्या तर कुंड्या थंडीनं मेल्या असत्या का? बाईंनी खरं ते सांगितलं. वाळलेल्या मुळातली ती बुरशी थंडीला भीत नाही. उघड्यावर, छपराखाली, कोपऱ्यात कुठेही ठेवली असती तरी राहिली असती. तिला ऊब लागत नाही. झाकावंही लागत नाही.

"मी तसंच आहे म्हणाले," बाई म्हणाल्या. "तसंच नव्हतं ते."

वहिनीनं उठून बाईंना पाणी दिलं.

भट्टीवाला पेरणीच्या आधी परत आला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन, हळू आवाजात. थोरल्यांनी त्याला खालचं शेत दिलं. ज्याच्यासाठी राखायचं तो नव्हता. कुंड्या बाई घेऊन गेल्या, आणि ऐकलं ते असं की दुसऱ्या गावांत त्यावर चांगली गाजरं येतात.

थोरल्यांचा धाकटा भाऊ, ज्याला गाव शिडी म्हणे, तो फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी, घरामागच्या तळघरात गेला. वय एकतीस.